भाताचा पहारा आणि त्याचा खर्च

लोणावळ्याच्या कृषी संशोधन केंद्रात दर पावसाळ्यात भाताचा एक वाफा रोग पडावा म्हणूनच पेरला जातो. बी दाट, नत्राचा हात सैल, आणि चाचणीच्या ओळींच्या मधून-मधून व भोवताली एचआर-१२ नावाच्या वाणाची रोपं. या वाणाची ख्याती एकच, करपा त्याला हमखास होतो. आधी तो करपतो, मग त्याच्या पानांवरचे बीजाणू शेजारच्या ओळींवर उडतात आणि देशभरातून परीक्षेला आलेल्या वाणांची कसोटी सुरू होते. चार हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस, दिवसभर न उठणारं धुकं, पानांवर तासन्‌तास टिकणारा ओलावा. पर्यटकाला लोणावळ्यात जे हवं असतं तेच करप्याच्या बुरशीलाही हवं असतं.

अशीच रोपवाटिका कर्जतला असते, कोडगूतल्या पोन्नमपेटला असते, हिमाचलातल्या मलानला आणि अल्मोड्याजवळच्या हवालबागला असते. १९६५ मध्ये सुरू झालेल्या अखिल भारतीय समन्वित भात सुधार प्रकल्पाची ही परीक्षा केंद्रं. प्रत्येक ओळीला शून्य ते नऊ असे गुण मिळतात. शून्य म्हणजे डाग नाही, नऊ म्हणजे पानाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग गेला. इथे कमी गुण मिळवणारा हुशार. गंमत अशी, की एका केंद्रात दोन गुणांवर सुटलेला वाण दुसऱ्या केंद्रात सात गुण घेऊन आडवा होऊ शकतो. बी तेच असतं, जनुकंही तीच. बदललेली असते ती बुरशी.

या बुरशीचं शास्त्रीय नाव मॅग्नापोर्थे ओरायझी. वनस्पतिरोग शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये महत्त्वाच्या दहा रोगकारक बुरश्यांची यादी केली, तेव्हा पहिला क्रमांक हिलाच दिला. तिचा बीजाणू तीन पेशींचा, एका टोकाला निमुळता. पानावर पडला की टोकाचा चिकट द्रव त्याला धरून ठेवतो आणि दवाच्या थेंबात दोनेक तासांत त्याला अंकुर फुटतो. अंकुराच्या टोकाला एक घुमटासारखी पेशी तयार होते. तिच्या भिंतीत मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याचा थर बसतो, आत ग्लिसरॉल साठत जातं, पाणी ओढलं जातं आणि दाब वाढत वाढत ऐंशी वातावरणांपर्यंत जातो. त्या दाबाच्या जोरावर एक बारीक खुंटी पानाची कातडी भोसकून आत शिरते. चार-पाच दिवसांत पानावर दोन्ही टोकांना निमुळता डाग दिसू लागतो. कडा तपकिरी, मध्य राखाडी. असा एक पक्व डाग दिवसाला दोन ते सहा हजार बीजाणू हवेत सोडतो आणि हे पंधरवडाभर चालू शकतं.

पानावरचा करपा पीक सोसून नेतं. लोंबीच्या मानेवर बसलेला करपा मात्र जीवघेणा. मान काळी पडते, वरचा रसपुरवठा तुटतो, लोंबी पांढरी होते. लांबून निसवलेलं शेत छान दिसतं. हातात घेतलं तर सगळं पळींज. जगात करप्यामुळे दरवर्षी वाया जाणारा तांदूळ सहा कोटी माणसांचं वर्षाचं पोट भरेल इतका असतो, असा अंदाज या विषयावरच्या लेखनात वारंवार दिला जातो.

रोग जुना आहे. सोंग यिंगशिंग या चिनी लेखकानं १६३७ मध्ये उद्योगधंद्यांवर जो ज्ञानकोश लिहिला, त्यात भाताला येणाऱ्या ‘तापा’ची नोंद सापडते. आपल्याकडे १९१९ मध्ये तंजावरच्या खोऱ्यात करप्याची मोठी साथ आली आणि तेव्हापासून मद्रास इलाख्यातल्या पैदासकारांनी करपा न होणाऱ्या वाणांचा शोध घेतला. काही वाण टिकतात, काही करपतात, हे डोळ्यांना दिसत होतं. का टिकतात, याचं उत्तर भातातून मिळायला आणखी बरीच वर्षं जायची होती.

ते मिळालं आधी जवसातून. अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटात हॅरॉल्ड फ्लोर जवसावरच्या तांबेऱ्याचा अभ्यास करत होते. १९४० च्या दशकात त्यांनी दाखवलं, की वनस्पतीतल्या प्रत्येक प्रतिकारक जनुकासमोर रोगकारकात त्याच्या जोडीचं एक जनुक असतं. दोन्ही जुळली तर रोपाला शत्रूची चाहूल लागते आणि रोग थांबतो. रोगकारकानं आपलं जनुक टाकून दिलं किंवा बदललं, तर रोपाकडे प्रतिकारक जनुक असूनही ते काही ओळखत नाही.

भातात या जोडीचे दोन्ही भाग शतकाच्या वळणावर हाती लागले. १९९९ मध्ये जपानी गटानं पीआय-बी हे करप्याविरुद्धचं पहिलं जनुक वेगळं काढलं आणि पुढच्याच वर्षी बाराव्या गुणसूत्रावरचं पीआय-टा मिळालं. पीआय-टापासून बनणारं प्रथिन ९२८ अमिनो आम्लांचं. त्यातल्या ९१८ व्या जागी अॅलॅनिन असेल तर रोप बुरशीला ओळखतं. तिथे सेरिन असेल तर ओळखत नाही. एवढ्या मोठ्या साखळीतला एक मणी बदलला की शेत जातं. बुरशीकडचं त्याच्या जोडीचं जनुकही त्याच सुमारास सापडलं होतं, आणि ते कुठे बसलेलं आहे हे पाहिल्यावर पैदासकारांच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. ते बुरशीच्या गुणसूत्राच्या अगदी टोकाला आहे. टोकाचा भाग सहज तुटतो, गळतो, बदलतो. म्हणजे भात ज्या खुणेवरून शत्रूला ओळखतो, ती खूण पुसायला बुरशीला फारसे कष्ट पडत नाहीत.

ओळखल्यावर काय होतं? रोपाच्या पेशीत प्रतिकारक प्रथिनं गस्तीला असतात. भाताच्या जनुकसंचात अशा प्रथिनांची जनुकं पाचशेच्या आसपास आहेत, त्यातली अनेक अकराव्या गुणसूत्रावर झुंडीनं बसलेली. बुरशीचा एखादा रेणू त्यांतल्या एकाला सापडला, की ती पेशी स्वतःला मारून घेते. भोवतीची पेशीभित्तिका जाड होते, हायड्रोजन पेरॉक्साइड साठतं, आणि जिवंत पेशींवर जगणाऱ्या बुरशीला पुढे जायला वाटच उरत नाही. प्रतिकारक वाणाच्या पानावर टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके दिसतात ते हेच.

एकाच जनुकावर विसंबलं तर काय होतं, हे कोरियाइतकं कुणी महागात शिकलं नसेल. १९६० च्या दशकात सोलचे शास्त्रज्ञ हो मुन-हो यांनी फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत बसून इंडिका आणि जापोनिका भाताचा संकर केला. त्यातून ‘तोंगील’ हा वाण निघाला. नावाचा अर्थ पुनरेकीकरण. पार्क चुंग-ही यांच्या सरकारनं तो अक्षरशः हुकमानं लावायला लावला आणि उत्पादनाचे आकडे वर चढले. तोंगील घराण्यातल्या वाणांना करपा जवळजवळ होत नव्हता. १९७८ पर्यंत देशातल्या भाताखालच्या जमिनीपैकी तीन-चतुर्थांशाच्या आसपास क्षेत्र या वाणांनी व्यापलं होतं. त्याच वर्षी करपा आला. बुरशीच्या नव्या जाती तयार झाल्या होत्या आणि त्यांना तोंगीलची खूण पुसता आली होती. ‘नोपुंग’ नावाच्या वाणाचं सर्वाधिक नुकसान झालं. तो वाण तयार करणाऱ्या पैदासकाराच्या गौरवासाठी त्याचंच नाव वाणाला दिलं होतं, हा दैवदुर्विलास. पुढच्या काही वर्षांत कोरियन शेतकऱ्यांनी तोंगीलला रामराम ठोकला. चव आवडत नव्हती हे एक कारण, पण करप्यानं निर्णय सोपा केला.

कोरियाची ही कथा आजही भातपैदास शिकणाऱ्याला सांगितली जाते, आणि ती नेहमी एकाच अंगानं सांगितली जाते. बुरशी चतुर आहे, म्हणून जनुकं अधिक हवीत. ते खरंच आहे. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत भाताच्या जनुकशास्त्रानं दुसरंही अंग उघड केलं आहे. जनुक आहे की नाही, हा अर्धा प्रश्न. ते केव्हा, कुठे आणि किती चालू असतं, हा उरलेला अर्धा. शेतकऱ्याच्या खळ्यातली रास ठरते ती या दुसऱ्या अर्ध्यावर.

कारण प्रतिकार फुकट मिळत नाही. जव्हारपासून भंडाऱ्यापर्यंत रानडुकरांसाठी रात्रभर माळ्यावर जागणारा माणूस दुसऱ्या दिवशी चिखलणीला उभा राहिला, तर त्याचे पाय लटपटतात. भाताचंही तसंच. प्रतिकारक प्रथिनं बनवायची, पेशी मारायच्या, भित्तिका जाड करायच्या, हे सगळं ज्या साखरेतून होतं तीच साखर दाण्यात जायची असते. ज्या रोपात ही यंत्रणा सतत चालू राहते ते खुरटतं, त्याच्या पानांवर रोग नसतानाही डाग पडतात आणि लोंबीत दाणे भरत नाहीत. म्हणून पैदासकारांचा जुना अनुभव असा, की करपा न होणारे कित्येक वाण उताऱ्यात मार खातात.

या कोंडीवर भातानं स्वतःच काढलेली एक तोड चीनमध्ये सापडली. शांघायच्या चिनी विज्ञान अकादमीतले झुहुआ हे आणि त्यांचे सहकारी ‘गुमेई-४’ या चिनी वाणाच्या मागे लागले होते. हा वाण करप्याच्या असंख्य जातींना पुरून उरत होता आणि उतारा मात्र घटत नव्हता. रहस्य सहाव्या गुणसूत्रावरच्या पीआय-जीएम या जागी होतं. तिथे तेरा प्रतिकारक जनुकांची रांग आहे. त्यातल्या दोघांनीच सगळा खेळ मांडला होता, असं २०१७ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखातून दिसलं.

पहिलं जनुक ‘आर’. त्याची प्रथिनं आपापसात जोडी जमवतात आणि करपा रोखतात. पण या जनुकामुळे दाण्याचं वजन घटतं. दुसरं जनुक ‘एस’. त्याचं प्रथिन ‘आर’च्या प्रथिनाला चिकटतं आणि त्याची आपापसातली जोडी जमू देत नाही. म्हणजे एकाच रांगेत, शेजारी शेजारी, पहारा करणारं एक आणि त्याला झोपवणारं दुसरं. वरवर पाहता हा आत्मघात वाटतो. पण ‘एस’ पानात आणि खोडात जवळपास बंदच असतं. त्याच्या आधीच्या नियंत्रक पट्ट्यात डीएनएचे दोन फिरस्ते तुकडे येऊन बसले आहेत. रोप त्या तुकड्यांवर रासायनिक खुणा करून त्यांना मुकं करतं आणि त्यांच्याबरोबर ‘एस’ही मुकं होतं. पराग आणि लोंबीत मात्र ‘एस’ला आवाज फुटतो. तिथे ते दाणे भरण्याचं प्रमाण वाढवतं आणि ‘आर’मुळे घटलेलं वजन भरून काढतं. पान पहाऱ्यावर, फूल बिनधास्त. डीएनएचं अक्षर न बदलता, केवळ त्यावरच्या खुणांनी ही वाटणी झाली आहे.

या शोधाचं महत्त्व एका वाणापुरतं नाही. तोवर प्रतिकारशक्ती म्हटलं की प्रथिन कसं आहे, त्याचा कोणता मणी बदलला, हेच पाहिलं जाई. आता नजर जनुकाच्या आधीच्या, प्रथिन न बनवणाऱ्या पट्ट्याकडे वळली.

त्याच वर्षी सिचुआन कृषी विद्यापीठातल्या चेन शुएवेई यांच्या गटानं आणखी चकित करणारं उदाहरण दिलं. ‘दिगू’ नावाचा वाण करप्याला वर्षानुवर्षं दाद देत नव्हता. त्याच्या जनुकसंचाची तुलना करपणाऱ्या वाणांशी केली, तेव्हा फरक निघाला एका अक्षराचा, तोही एका जनुकाच्या नियंत्रक पट्ट्यातला. जनुकाचं नाव ‘बीएसआर-डी१’. त्याचं काम जरा उलटं आहे. बुरशी आली की सामान्य भातात ते जोरात चालू होतं, पेरॉक्सिडेज विकरं वाढतात आणि पेशीत साठलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड साफ होतं. म्हणजे शत्रूवर टाकायचं हत्यार घरातलंच जनुक बोथट करून ठेवतं. ‘दिगू’मध्ये त्या एका अक्षरामुळे दुसरं एक प्रथिन नियंत्रक पट्ट्याला घट्ट चिकटतं आणि हे जनुक दाबून धरतं. हत्यार शाबूत राहतं. जगभरातल्या तीन हजार भातवाणांच्या डीएनएची जी मोठी नोंद झाली आहे, तिच्यात हे अक्षर साधारण दहा टक्के वाणांत आढळलं. इतकी वर्षं ते तिथेच होतं. प्रथिनाच्या साच्यात नसल्यानं कुणी पाहिलं नव्हतं.

यात आणखी एक खोच आहे. असा प्रतिकार बुरशीच्या कोणत्याही एका खुणेवर अवलंबून नसतो. त्यामुळे खूण पुसून बुरशीला सुटका करून घेता येत नाही. जपानी कोरडवाहू भातातलं पीआय-२१ याच जातकुळीचं. २००९ मध्ये शुइची फुकुओका यांच्या गटानं दाखवलं, की सामान्य भातातलं पीआय-२१ बचावाला ब्रेक लावतं आणि ‘ओवारीहातामोची’ या कोरडवाहू वाणात त्यातले दोन छोटे तुकडे गळाल्यामुळे तो ब्रेक सैल झाला आहे. जपानी पैदासकार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून या कोरडवाहू भाताचा संकर करत होते. करपा कमी होई, पण भात खाण्याच्या लायकीचा राहत नसे. चव बिघडवणारं जनुक पीआय-२१ च्या अगदी भिंतीला भिंत लावून बसलं होतं. दोघांना वेगळं करणारं दुर्मीळ रोप हजारो रोपांच्या डीएनए तपासणीतूनच सापडलं. मराठी माणसाला हे सांगायला नको. करपा झाला नाही पण आंबेमोहराचा वास गेला, तर मावळातला शेतकरी तो वाण बांधावरूनच परत पाठवील. १९८७ मध्ये वडगाव मावळच्या केंद्रानं आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून दिलेला इंद्रायणी घराघरांत पोचला तो उताऱ्याबरोबर वासही सांभाळल्यामुळे.

वेळेचा प्रश्नही भातानं सोडवलेला दिसतो. ‘आयपीए-१’ हे जनुक चीनमध्ये आधी उताऱ्यासाठी प्रसिद्ध होतं. फुटवे कमी पण दणकट आणि लोंबी मोठी, असं रोप त्यामुळे मिळतं. २०१८ मध्ये कळलं, की बुरशीचा हल्ला झाला की याच प्रथिनाच्या १६३ व्या जागेवरच्या सेरिनवर फॉस्फेट बसतं आणि ते उताऱ्याची जनुकं सोडून बचावाच्या जनुकांना जाऊन चिकटतं. अठ्ठेचाळीस तासांच्या आत ते परत मूळ कामावर हजर. त्याआधी, २०१७ मध्ये, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या शिन्नियान डोंग यांनी चिनी सहकाऱ्यांसह हेच प्रयोगशाळेत घडवून पाहिलं होतं. बचावाच्या एका जनुकाचा संदेश पेशीत तयारच ठेवायचा, पण त्यापासून प्रथिन बनणं एका छोट्या अडथळ्यानं रोखायचं. हल्ला झाला की अडथळा उठतो. अशा भाताला करपाही कमी झाला, जिवाणूंमुळे होणारा कडा करपाही, आणि उतारा घटला नाही.

आता जनुकसंपादनाची कात्री हाती आली आहे. वुहानच्या हुआझोंग कृषी विद्यापीठातले ग्वोतियान ली यांना एक असं रोप सापडलं, ज्याला करपाही होत नव्हता आणि कडा करपाही. पण ते इतकं खुरटलेलं, की दाणा नावाला. चरबीसदृश रेणू बनवणाऱ्या एका जनुकातली २९ अक्षरं त्यात गळालेली होती. ली यांच्या गटानं त्याच जनुकाला निरनिराळ्या जागी कात्री लावून अनेक रूपं तयार केली, आणि १२ अक्षरं गळालेल्या एका रूपात प्रतिकार राहिला व उतारा परत आला. २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये हे छापून आलं. लेखकांनी सांगितलं, की प्रत्यक्ष शेतातल्या चाचण्या अजून छोट्या आहेत.

भारतात २०२२ पासून परकं जनुक न घालता केलेल्या संपादनाला जीएम पिकांच्या कडक नियमांतून सूट आहे. मे २०२५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेनं संपादित भाताचे पहिले दोन वाण जाहीर केले. एक उताऱ्यासाठी, दुसरा क्षार आणि पाण्याचा ताण सोसण्यासाठी. करपा या यादीत नव्हता.

करप्यावरचं भारतीय काम वेगळ्या वाटेनं, आणि बरंच आधी सुरू झालं आहे. भाताच्या जनुकसंचाचं वाचन २००५ मध्ये पूर्ण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारताच्या वाट्याला अकराव्या गुणसूत्राचा एक भाग आला होता. त्याच गुणसूत्रावरून दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जैवतंत्रज्ञान केंद्रातले तिलकराज शर्मा आणि सहकारी यांनी ‘तेतेप’ या व्हिएतनामी वाणातलं एक प्रतिकारक जनुक वेगळं काढलं. त्याला पुढे पीआय-५४ हे नाव मिळालं. नंतर त्याची भावंडं जंगली भातांतही सापडली. जगाला उलट्या दिशेनं उपयोगी पडलेला एक भारतीय वाणही आहे. कोइंबतूरचा सीओ-३९ करप्याला सहज बळी पडतो. म्हणून फिलिपिन्सच्या संस्थेनं त्याच्याच अंगात एकेक प्रतिकारक जनुक घालून कसोटीचा संच बनवला. दुसरं फारसं काही आड येत नसल्यामुळे त्या एकेका जनुकाची ताकद स्वच्छ दिसते.

जनुकांशिवायही बरंच होतं, हे युनानमध्ये झू योयोंग यांनी दाखवलं. चिकट भाताच्या पारंपरिक, करपणाऱ्या वाणांची एकेक ओळ संकरित भाताच्या ओळींमध्ये लावली. २००० मध्ये ‘नेचर’नं छापलेले आकडे शेतकऱ्यांच्या हजारो हेक्टरांवरचे आहेत. मिश्र लावणीत चिकट भातावरचा करपा ९४ टक्क्यांनी कमी, उतारा ८९ टक्क्यांनी जास्त. दुसऱ्या वर्षाअखेर बुरशीनाशकाची फवारणी बंद झाली. एका वाणावर वाढलेल्या बीजाणूला शेजारी आपला यजमान सापडत नाही, एवढंच साधं कारण. जपानच्या निगाता प्रांतानं हेच शहाणपण एका वाणाच्या आत आणलं. कोशिहिकारी हा जपानचा लाडका भात करप्याला फार नाजूक. त्यांनी एकसारख्या दिसणाऱ्या, एकसारख्या चवीच्या अनेक कोशिहिकारी ओळी तयार केल्या, प्रत्येकीत वेगळं जनुक. २००५ पासून या ओळींचं मिश्रण प्रांतभर बियाणं म्हणून दिलं जातं आणि बुरशीच्या जातींवर लक्ष ठेवून ते बदलता येतं. पिशवीवर नाव एकच. आपल्या बियाणं-प्रमाणीकरणाचा पाया एकसारखेपणा आहे; त्यात अशा पिशवीला जागा कशी मिळणार, हे कुठल्याही बीजप्रमाणीकरण अधिकाऱ्याला विचारून पाहावं.

भारतात मिश्रणाऐवजी रास रचण्याची रीत रुजली आहे. एकाच रोपात दोन-तीन प्रतिकारक जनुकं एकत्र आणायची. बासमतीत हे काम दिल्लीतल्या पुसाच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं केलं, आणि त्यामागे शास्त्राइतकाच व्यापारही होता. ट्रायसायक्लॅझोल हे करप्यावरचं आवडतं औषध मेलॅनिन बनू देत नाही. मेलॅनिनशिवाय घुमटात दाब साठत नाही आणि बुरशीला पानात शिरता येत नाही. २०१७ मध्ये युरोपीय संघानं तांदळातल्या त्याच्या अंशाची मर्यादा दशलक्षात एका भागावरून शतांशावर, म्हणजे ०.०१ वर आणली. बासमतीच्या निर्यातदारांची झोप उडाली. २०२२ मध्ये पंजाब सरकारनं बासमतीच्या हंगामात दहा कीडनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घातली. त्या यादीत हे औषध होतंच.

उत्तर तोवर तयार झालं होतं. अशोककुमार सिंह आणि सहकाऱ्यांनी पुसा बासमती १५०९, ११२१ आणि १४०१ या खपाच्या वाणांत डीएनए खुणांच्या मदतीनं चार जनुकं घातली. कडा करप्यासाठी दोन, करप्यासाठी दोन. दाणा तसाच लांब, वास तसाच. २०२१ मध्ये ते पुसा बासमती १८४७, १८८५ आणि १८८६ या नावांनी प्रसारित झाले. फवारे कमी, निर्यातीचा माल निर्धास्त. भारतीय पैदासशास्त्राचं हे खणखणीत यश आहे आणि त्याचं कौतुक जेवढं व्हायला हवं तेवढं झालेलं नाही.

तरी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. तिन्ही वाणांत करप्याविरुद्धची जनुकं तीच दोन आहेत, पीआय-२ आणि पीआय-५४. बुरशीला दोन्ही खुणा एकाच वेळी पुसाव्या लागतील, म्हणून तोंगीलपेक्षा हे घर कितीतरी मजबूत. पण हे वाण जितके पसरतील तितकं पंजाब-हरियाणातलं शेत करप्याच्या दृष्टीनं एकाच वाणाचं होत जाईल. २०१६ च्या पुसा बासमती १६३७ मध्ये पीआय-९ आहे, जंगली ‘ओरायझा मिन्युटा’तून आलेलं. पण तेही सहाव्या गुणसूत्रावरच्या त्याच रांगेतलं, पीआय-२ चं सख्खं भावंड. पीआय-जीएमही तिथलंच. एका शुद्ध वाणात या तिघांपैकी एकालाच जागा मिळते. चौथ्या गुणसूत्रावरचं पीआय-२१ आणि ‘बीएसआर-डी१’चं ते एक अक्षर यांना मात्र तसा अडसर नाही. ती दोन्ही पीआय-२ च्या जोडीला बसू शकतात, आणि बुरशीला पुसण्यासारखी खूणही देत नाहीत.